नेट गेलं, की दार लागलं?

पारशिवनीत नेट गेलं की पहिला संशय टॉवरवर जातो आणि दुसरा जेसीबीवर. रस्त्याचं काम कुठं ना कुठं सुरूच असतं आणि केबल तुटायला एक फटका पुरतो. मग विजेचा नंबर, मग पावसाचा. हे सगळे निर्दोष सुटले, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे नेट मजेत चालू आहे असंही कळलं, की कुणाला तरी आठवतं की सकाळीच पोरानं नवा अँटिव्हायरस टाकलाय आणि त्यात फायरवॉलही होती. "भाऊ, तवापासूनच नेट चालून नाही राहिलं." पुढचा प्रसंग जवळजवळ ठरलेला असतो. नागपूरहून कुणीतरी फोनवर सांगतो, बंद करून पाहा. बंद केलं की नेट येतं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खोळंबलेली रांग पुढं सरकते आणि फायरवॉल पुन्हा चालू करायची कुणाला आठवण राहत नाही.

फायरवॉल टाकल्यावर नेट का जातं, याचा हा आढावा घेताना माझं म्हणणं मुख्यतः त्या फोनवरच्या सल्ल्याबद्दल आहे. "बंद करून पाहा" ही तपासणी आहे. ताप आहे का हे बघायला थर्मामीटर लावतात, तसली. आपण तिलाच औषध समजून बसलो. आणि गंमत म्हणजे तपासणी म्हणूनही ती अर्धीच भरवशाची आहे. ते पुढं येईलच.

आधी जागा समजून घ्यायला हवी. नागपूरच्या उत्तरेचा हा तालुका. एका अंगाला पेंचचं जंगल, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीची धरणं, दुसऱ्या अंगाला कन्हानकडच्या कोळसा खाणी. इथले संगणक तहसीलीत, नगरपंचायतीत, ग्रामपंचायतींत, पतसंस्थेत, कृषी केंद्रात, शाळेच्या लॅबमध्ये, फोटो स्टुडिओत आणि आपले सरकार सेवा केंद्रांत आहेत. यातल्या बहुतेक ठिकाणी नेटवर्क सांभाळणारा म्हणून वेगळा माणूस नसतो. जो टायपिंग करतो, तोच प्रिंटरचा कागद काढतो आणि तोच फायरवॉलच्या प्रश्नांना उत्तरं देतो. मोठ्या शहरातल्या कंपनीसाठी लिहिलेली मार्गदर्शनं इथं लागू पडत नाहीत, कारण त्यांत "तुमच्या नेटवर्क अधिकाऱ्याशी संपर्क साधा" असं शेवटी लिहिलेलं असतं, आणि तो अधिकारी म्हणजे वाचणारा स्वतःच असतो.

भिंत मुळात कशाला, हा प्रश्न इथं हमखास निघतो. "आमच्या कॉम्प्युटरात चोरायसारखं आहे काय?" उत्तरासाठी २००३ च्या ऑगस्टमध्ये जावं लागतं. ब्लास्टर नावाचा किडा तेव्हा विंडोज एक्सपीच्या १३५ क्रमांकाच्या पोर्टातून, म्हणजे नेटवर्ककडं उघडणाऱ्या एका दारातून, घुसत होता. कुणी काही उघडायची, क्लिक करायची गरज नव्हती. यंत्र नेटला जोडलेलं असलं की झालं. मग पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी आणि यंत्र बंद. त्यावरची दुरुस्ती नेटवरून उतरवायची, तर ती उतरेपर्यंत यंत्र टिकत नसे. तेव्हा उपाय असा होता की आधी एक्सपीतली फायरवॉल चालू करा, मग नेट टिकेल, मग दुरुस्ती घ्या. ती फायरवॉल २००१ पासून एक्सपीत होती, पण सुरुवातीला बंद ठेवलेली. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ती आपोआप चालू येऊ लागली. म्हणजे एकेकाळी नेट परत मिळवायचा रस्ता फायरवॉलमधून जात होता, हे आज सांगितलं तर पटत नाही.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा किडा ४४५ क्रमांकाच्या पोर्टातून फिरला. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या किड्यानं मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली तेव्हा उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम अडलं. चोरायसारखं काही नसलेली यंत्रंही या दोन्हीत बळी गेली, कारण किडा माल बघून घरात शिरत नाही, उघडं दार बघून शिरतो.

आता "नेट गेलं" या दोन शब्दांकडे. त्यात निदान सहा वेगळ्या तक्रारी एकत्र कोंबलेल्या असतात. यंत्राला पत्ताच मिळालेला नाही. पत्ता आहे, पण राउटरपर्यंत पोचत नाही. राउटर सापडतो, बाहेरचं जग सापडत नाही. बाहेरचं जग आकड्यानं सापडतं, नावानं नाही. नावानंही सापडतं, पण ब्राउझर उघडत नाही. आणि सगळं उघडतं, फक्त एक सॉफ्टवेअर किंवा प्रिंटर रुसलेला असतो. सातवी तक्रार फसवी आहे. नेट चालू असतं, पण कोपऱ्यातलं चिन्ह म्हणतं "नो इंटरनेट". विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावर जाऊन छोटीशी मजकुराची फाइल मिळते का ते पाहते. फायरवॉलनं तेवढी एक फेरी अडवली की विंडोज नेट नाही असं जाहीर करते. मग काही प्रोग्राम त्या चिन्हावर विश्वास ठेवून कामच थांबवतात आणि इकडे ब्राउझरमध्ये यूट्यूब चालू असतं.

तक्रार कोणत्या पायरीवरची आहे ते शोधायला कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पिंगच्या चार फेऱ्या पुरतात. आधी १२७.०.०.१, म्हणजे स्वतःलाच हाक. मग राउटर, बहुधा १९२.१६८.१.१. मग ८.८.८.८, गुगलचा नावं शोधून देणारा सर्व्हर. शेवटी एखादं संकेतस्थळ नावानं. जिथं उत्तर थांबलं तिथं गाठ. यंत्राचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं दिलेला पत्ता यंत्रापर्यंत पोचलेलाच नाही. फायरवॉलनं ६७ आणि ६८ ही पोर्टं अडवली की असं होतं. ८.८.८.८ उत्तर देतो पण नाव सापडत नाही, तर ५३ क्रमांकाच्या पोर्टाकडे पाहायचं. यात एक खोच आहे. बऱ्याच फायरवॉली पिंगच अडवतात. त्यामुळं उत्तर आलं तर रस्ता मोकळा आहे हे नक्की, पण उत्तर नाही आलं तर रस्ता बंदच आहे असं शपथेवर सांगता येत नाही. म्हणून तोच वायफाय मोबाइलवर चालतो का, हे सगळ्यात आधी बघावं. त्याला एक मिनिट लागतं आणि टॉवर, जेसीबी, पाऊस असे तिन्ही आरोपी एकदम सुटतात.

कारणांपैकी सगळ्यात साधं कारण म्हणजे आपणच दिलेलं चुकीचं उत्तर. एखादा प्रोग्राम पहिल्यांदा बाहेरून येणारी जोडणी मागतो तेव्हा विंडोज खिडकी उघडून विचारते, परवानगी द्यायची का. रांग उभी असते, खिडकी इंग्रजीत असते, माणूस "कॅन्सल" दाबतो. आपल्या लेखी कॅन्सल म्हणजे "आता नको, नंतर बघू". विंडोज मात्र तो नकार समजते आणि त्या प्रोग्रामच्या नावानं अडवण्याचा नियम कायमचा लिहून ठेवते. पुन्हा विचारत नाही. दोन महिन्यांनी कुणाला आठवणार की अमुक दिवशी आपण काय दाबलं होतं? मला यात वापरणाऱ्याचा दोष फार थोडा दिसतो. ज्याला प्रश्नाची भाषा आणि प्रश्नातला विषय दोन्ही परके आहेत, त्याच्याकडून कायम लागू राहील असं उत्तर घाईत मागणं हीच मुळात वाईट रचना आहे.

तसंच "पब्लिक" आणि "प्रायव्हेट" चं. नेट गेलं म्हणून माणूस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेला किंवा राउटर बदलला, की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि ती सावधपणे "पब्लिक" समजते. एसटी स्टँडवर बसल्यासारखं वागायला लागते. नेट चालतं, पण शेजारच्या टेबलावरचा सामायिक प्रिंटर दिसेनासा होतो. फायरवॉलवर आळ येतो, आणि तो अगदी खोटाही नसतो.

सेवा केंद्रांत घडणारा प्रकार याहून वेगळा आहे. त्याबद्दल मराठीत कुणी फारसं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून इथं जरा थांबतो. आधारनं ओळख पटवायला अंगठ्याचं मशीन लागतं. त्या मशीनबरोबर आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्राम संगणकात बसतो आणि तो ११,१०० ते ११,१२० या दरम्यानच्या एखाद्या पोर्टावर कान देऊन असतो. ब्राउझरमधलं सरकारी पान अंगठा मागतं तेव्हा ते इंटरनेटवर जात नाही. त्याच यंत्रात, १२७.०.०.१ या पत्त्यावर, त्या प्रोग्रामला हाक मारतं. घरातल्या घरात स्वयंपाकघरातून ओसरीवर मारलेली हाक म्हणा. विंडोजची स्वतःची फायरवॉल या घरगुती बोलण्यात सहसा पडत नाही. पण बाहेरून आणलेल्या काही सुरक्षा संचांत ब्राउझरची प्रत्येक हालचाल तपासणारा भाग असतो, आणि त्याला ही हाक संशयास्पद वाटू शकते. मग सगळी संकेतस्थळं उघडतात, फक्त अंगठा लागत नाही. पडद्यावर "डिव्हाइस नॉट फाउंड" अशा अर्थाचं काहीतरी येतं. बिचारा चालक मशीनची वायर काढतो, लावतो, म्हातारीचा अंगठा चार वेळा पुसून घेतो, शेवटी "आजी, बोटाच्या रेषा घासल्या तुमच्या" म्हणून तिला परत पाठवतो. रेषा घासलेल्या असूही शकतात. पण सकाळी दहाला लागणारे सगळेच अंगठे दुपारपासून लागेनासे झाले असतील, तर गावभरच्या रेषा एका दिवसात घासल्या नाहीत.

ग्रामपंचायतीतल्या डिजिटल सहीचं तसंच. सहीची डोंगल लावली तरी ब्राउझर आणि सही यांच्यामध्ये यंत्रातच बसलेला एक मध्यस्थ असतो. जीएसटीच्या सहीसाठी जो मध्यस्थ वापरतात तो १५८५ क्रमांकाच्या पोर्टावर ऐकतो. अशा वेळी अख्खी फायरवॉल बंद करण्याचं कारण नाही. त्या एका प्रोग्रामला सूट दिली की काम भागतं. सुरक्षा संचात "एक्सक्लूजन" किंवा "एक्सेप्शन" नावाची यादी असते, तिथं ते नाव घालायचं. हे करायला पाच मिनिटं लागतात, पण कुठलं नाव घालायचं हे माहीत असावं लागतं आणि अडचण तिथंच आहे.

खालच्या थरातली कारणं अधिक किचकट. जुन्या विंडोजमध्ये असे प्रोग्राम नेटवर्कच्या रस्त्यात स्वतःला साखळीसारखे जोडून घेत. स्लॅब टाकताना मजूर ओळीनं उभे राहून घमेली हातोहात वर देतात, तसं. मधला एकजण न सांगता निघून गेला तर घमेलं तिथंच अडतं. प्रोग्राम नीट न काढता नुसतं त्याचं फोल्डर उडवलं की हेच होई. पत्ता मिळे, पिंग चाले, पण ब्राउझर मेलेला. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून "नेटश विनसॉक रिसेट" ही आज्ञा आली, ती ही ओळ पुन्हा लावून देते. विस्टापासून मायक्रोसॉफ्टनं गाळणीसाठी स्वतंत्र, शिस्तीची व्यवस्था केली, तरी नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांच्या यादीत आजही परक्या फिल्टरचं नाव टिकमार्कसह बसलेलं सापडतं.

आणि "बंद करून पाहा" ही अर्धीच भरवशाची, ती याच कारणानं. फायरवॉल बंद केली म्हणजे तिचे नियम बंद होतात. तिनं खाली बसवलेला फिल्टर बहुतेक वेळा जागेवरच राहतो. बंद केल्यावर नेट आलं तर दोष नियमांत आहे हे सिद्ध झालं. नाही आलं, तर फायरवॉल निर्दोष असं म्हणता येत नाही. यादीतली टिक काढून, नाहीतर बनवणाऱ्या कंपनीचं खास काढणी-साधन वापरून ती पुरती उतरवून, यंत्र पुन्हा सुरू करूनच निकाल द्यावा. उतरवल्यावरही नेट येत नसेल तर मागं काय राहिलं ते पाहायचं. प्रॉक्सीच्या जागी १२७.०.०.१ लिहून ठेवलेलं असतं आणि तिथं ऐकणारा आता कुणी नसतो, हे पहिल्यांदा बघण्यासारखं. दोन कंपन्यांचे संच एकावर एक चढवलेले असतील तर मात्र तपास करूच नये. आधी एक काढावा.

रिसेटच्या आज्ञांबद्दल एक धोक्याची सूचना. "नेटश इंट आयपी रिसेट" किंवा विंडोज १० मधलं "नेटवर्क रिसेट" हे दिसायला रामबाण आहे, पण कार्यालयाच्या लाइनला कायमचा पत्ता हातानं भरून दिलेला असेल तर तोही पुसला जातो. व्हीपीएनची मांडणीही जाते. मग फायरवॉलमुळं गेलेलं नेट आपल्याच हातानं दुसऱ्यांदा जातं आणि पत्ता कुणाकडे लिहून ठेवलेला नसतो. तो पत्ता दिसतो त्या खिडकीचा मोबाइलनं फोटो काढून मगच पुढं जावं.

अर्धवट चालणारं नेट हा आणखी एक त्रासदायक प्रकार. पिंग ठीक, हलकी पानं ठीक, मोठं पान किंवा फाइल चढवताना मात्र गोल चक्र फिरतच राहतं. जुन्या पद्धतीच्या ब्रॉडबँड जोडणीत एका वेळी १५०० ऐवजी १४९२ बाइटचं पुडकं जातं. पुडकं मोठं झालं की वाटेतला राउटर "लहान कर" असा निरोप पाठवतो. पिंग ज्या आयसीएमपी जातीचं, त्याच जातीचा हा निरोप. फायरवॉलमध्ये कुणी सावधगिरी म्हणून ती अख्खी जातच अडवली असेल तर निरोप पोचत नाही आणि पुडकी गुपचूप हरवतात. नव्या आयपीव्ही६ मध्ये तर शेजारचं यंत्र ओळखण्याचं कामच या निरोपांवर चालतं. जिओसारखी मोबाइल नेटवर्कं मोठ्या प्रमाणात आयपीव्ही६ वर आहेत, त्यामुळं "आयसीएमपी बंद ठेवा" हा वीस वर्षांपूर्वीचा शहाणपणा आज अंगाशी येतो.

काही वेळा आळ चुकीच्या माथ्यावर जातो, हेही नोंदवायला हवं. यंत्रातला बटणासारखा सेल संपला की तारीख मागं जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं खोटी ठरून एकेक पान अडतं. फायरवॉल टाकताना यंत्र बंद-चालू केलं, त्याच वेळी तारीख गेली, दोन गोष्टींची गाठ पडली. हा सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो.

कधी वापरणाऱ्याचा काडीचा दोष नसतो. ८ जुलै २००८ ला मायक्रोसॉफ्टनं एक तातडीची दुरुस्ती दिली. डॅन कामिन्स्कीनं नावं शोधण्याच्या व्यवस्थेत, म्हणजे डीएनएसमध्ये, एक गंभीर भोक शोधलं होतं, त्यावरची ही दुरुस्ती. तीत प्रत्येक चौकशी वेगवेगळ्या, अंदाज न येणाऱ्या पोर्टावरून पाठवायची असं ठरलं. झोनअलार्म ही तेव्हाची लोकप्रिय फायरवॉल या बदलाला तयार नव्हती. तिच्या वापरकर्त्यांचं नेट एका रात्रीत गेलं. सुधारित आवृत्ती लवकरच आली, पण मधल्या काळात सुचवलेले मार्ग बघा. एकतर फायरवॉलची पातळी खाली आणा, नाहीतर मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती काढून टाका. ज्यांनी दुसरा मार्ग धरला त्यांनी नेटसाठी ते भोक पुन्हा उघडं केलं. आपल्या सेवा केंद्रातल्या दुपारची ही मोठी आवृत्तीच.

२१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अद्ययावत फाइलनं एक्सपी सर्व्हिस पॅक ३ मधल्या "एसव्हीसीहोस्ट" या विंडोजच्याच आवश्यक फाइलला व्हायरस ठरवलं. यंत्रं पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागली, नेटवर्क गेलं. दुरुस्ती कंपनीनं नेटवर ठेवली होती. ज्यांना हवी होती त्यांच्याकडे नेट नव्हतं. माणसांना हातात सीडी घेऊन यंत्रायंत्रापाशी जावं लागलं. म्हणून कुठलाही संच चढवण्याआधी रीस्टोर पॉइंट करावा आणि काढणी-साधन पेन ड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवावं, नेट असताना.

महाराष्ट्रात या धंद्याची सुरुवातही दुरुस्तीच्या टेबलावरच झाली. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे. पुढं पुण्यात संगणक दुरुस्तीत आले, व्हायरस लागलेली यंत्रं टेबलावर येऊ लागली आणि संगणक शिकणाऱ्या धाकट्या भावानं, संजय यांनी, त्यावर प्रोग्राम लिहिला. क्विक हील त्यातून उभी राहिली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात गेली. मला या कथेत उद्योजकतेपेक्षा ते टेबल महत्त्वाचं वाटतं. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाची अडचण ऐकून यंत्र उघडणारा माणूस या यंत्रणेत जिथं जिथं होता, तिथं काम निघालं. आज संच नेटवरून विकत घेता येतो आणि टेबल मात्र तालुक्याला उरलेलं नाही.

रांग उभी असताना फायरवॉल बंद करू नका, असं मी म्हणणार नाही. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाची शेवटची तारीख असते, पोराचा दाखला अडलेला असतो, तिथं पोर्ट नंबर शोधत बसणं अन्याय आहे. बंद करा, काम उरका. पण कधी बंद केली ते लिहा, आणि गर्दी ओसरल्यावर कुठल्या एका प्रोग्रामला सूट द्यायची ते शोधून ती परत चालू करा. एका केंद्रात मला अशी वही पाहायला मिळाली. दरफलकाच्या खाली खिळ्याला दोरीनं बांधलेली, पानावर पट्टीनं आखलेले दोन रकाने, "बंद" आणि "चालू". पहिल्या रकान्यात वेळा नीट भरलेल्या होत्या, १२.१०, ११.४५, ३.०५. दुसऱ्या रकान्यात पहिल्या दोन ओळींना वेळ होती. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "उद्या".